भारिटाची मादी

तुमची वही मागायला देशमुख सर दोनदा येऊन गेले. एकदा दहाव्याच्या गडबडीत आणि एकदा महिन्यानं. दोन्ही वेळा मी त्यांना चहा दिला, वही दिली नाही. ते पाखरं बघणाऱ्या तुमच्या ग्रुपचे मोठे, कॉलेजात शिकवून रिटायर झालेले, माणूस सभ्य, त्यामुळं तगादा लावला नाही. एवढंच म्हणाले की ग्रुप तुमच्या नावानं एक पुस्तिका काढतोय. तुमचा जन्म, नोकरी, स्वभाव वगैरे ते लिहितील, पण मुख्य म्हणजे भारिटांच्या नोंदी वहीतून जशाच्या तशा घ्यायच्या आहेत. पंधरा हिवाळ्यांच्या, एकाच रानातल्या, आणि माद्यांसकट. माद्यांच्या इतक्या नोंदी दुसऱ्या कोणाकडं नाहीत, म्हणाले.

जन्म, नोकरी, स्वभाव त्यांनी खुशाल लिहावं. मला तुमच्याशी माद्यांबद्दल बोलायचंय. तुम्ही होतात तेव्हा बोलायला हवं होतं, पण नाही बोलले.

तुम्हाला सांगायची गरज नाही, पण उद्या हे दुसऱ्या कोणी वाचलं तर त्याला कळावं म्हणून लिहिते. भारीट म्हणजे दाणे खाणारं पाखरू, चिमणीपेक्षा थोडं थोराड. दिवाळीच्या आगेमागे लांबून कुठून तरी थव्यानं येतं, हिवाळाभर ज्वारीवर राहतं आणि होळी-पाडव्याच्या दरम्यान निघून जातं. आपल्याकडं त्याच्या दोन जाती येतात, अगदी सख्ख्या. काळ्या डोक्याचा नर म्हणजे डोकं काळं, गळ्यापासून पोटापर्यंत पिवळाधमक आणि पाठ तांबूस. लाल डोक्याचा नर म्हणजे डोकं, गळा, छाती विटकरी, पोट पिवळं आणि पाठ हिरवट. हिवाळ्याच्या सुरुवातीला दोघंही मळकटच दिसतात, कारण नव्या पिसांची टोकं फिकी असतात. ती टोकं झिजत जातात तसा खालचा रंग उघडा पडतो, आणि फाल्गुनात नर शेंबडं पोरही ओळखेल. हे मला तुम्ही सांगितलं होतं आणि ते खरं आहे.

माद्यांचं तसं नाही. दोन्ही जातींच्या माद्या मातकट, पोटाला जरा पिवळसर झाक, बस. एका ताग्यातनं दोन झंपर शिवावेत तशा. तुमच्या पुस्तकात दोघींची चित्रं शेजारी शेजारी आहेत आणि खाली लिहिलंय की रानात या वेगळ्या ओळखणं अवघड आहे. त्या ‘अवघड’ शब्दाखाली तुम्ही पेनानं रेघ मारली होती. तुम्हाला तो शब्द पटला नव्हता.

पटणार कसा? चिकलठाण्याच्या कारखान्यात तुमचं सगळं आयुष्य क्वालिटीत, माल तपासण्यात गेलं. जॉब, म्हणजे मशिनवरून उतरलेला भाग, मापाच्या गेजमधून गेला तर पास, नाही गेला तर रिजेक्ट. ‘ठरत नाही’ असा तिसरा डबा तुमच्या टेबलाजवळ नव्हता. घरीही तेच. भाजी कशी झाली म्हणून मी विचारलं तर तुम्ही ठीक आहे असं कधी म्हणाला नाहीत. मीठ कमी आहे, नाहीतर बरोबर आहे. शेजारीण मला म्हणायची, तुझं बरं आहे, निदान कळतं तरी. मला ते बरं वाटायचं का, हे तिनं विचारलं नाही.

माझं माहेर वैजापूरकडचं. तुमच्यासारखेच आम्हीही मेंढरंवाले. पोलीस ॲक्शन होऊन निजाम गेला, त्यानंतर कधीतरी आमच्या आज्यानं मेंढरं कमी केली आणि रान धरलं, एवढाच फरक. सातवी झाली तशी माझी शाळा सुटली आणि मला माळ्यावर बसवलं. ज्वारी भरात आली की रानात चार दांडक्यांवर माळा बांधायचा, त्यावर बसून दिवसभर पाखरं हाकायची, गोफण फिरवायची, डबा वाजवायचा. सहा-सात हिवाळे मी ते केलं. त्यात मला पाखरांचं ज्ञान झालं असं तुम्ही पुढं सगळ्यांना सांगत फिरलात. ज्ञान कसलं? मला ती सगळी पाखरं म्हणजे एकाच जातीचे चोर होते. पिवळी पाखरं आली म्हणायचं आणि दगड सोडायचा. पाखराला वेगवेगळी नावं असतात हे मला लग्नानंतर, गारखेड्यात आल्यावर, तुमच्या तोंडून कळलं.

लग्नानंतर वीस वर्षं तुम्ही मला कोणती गोष्ट विचारलीत, हे मी या दोन महिन्यांत बसून आठवलं. फ्रिजचा रंग विचारला होता. मी निळा म्हणाले, तुम्ही लाल आणलात, कारण निळा शिल्लक नव्हता. तुम्ही वाईट वागलात असं मी म्हणत नाही. कधी आवाज चढवला नाहीत, कधी माझी सातवी काढली नाहीत. पण तुमच्या दोस्तांच्या बायका पदवी झालेल्या, कोणी शाळेत, कोणी एल.आय.सी.त. त्या आल्या की मी स्वयंपाकघरात जास्त वेळ लावायचे. तुम्हाला वाटायचं मला पाहुणचाराची आवड आहे.

मग तुम्हाला ती जुनी दुर्बीण मिळाली आणि पाखरांचं वेड लागलं. पहिल्या हिवाळ्यात आपण स्कूटरवर भाऊच्या रानात गेलो. भाऊ म्हणजे माझा धाकटा, आता रान तोच करतो. तुम्ही बांधावर बसून नर मोजत होतात आणि मी डबा सोडत होते. तेवढ्यात समोरच्या कणसावर एक मादी येऊन बसली. तुम्ही पुस्तक उघडलं, दुर्बीण लावली, परत पुस्तक बघितलं. बराच वेळ तुमचं ते चाललं होतं. मग माझ्याकडं वळलात आणि विचारलंत, “तू तर इथं राखण केलीयेस. तुला काय वाटतं, काळी का लाल?”

जे तुम्हाला येत नव्हतं ते तुम्ही मला विचारलंत, असं पहिल्यांदा झालं. मला माहीत नाही, एवढं म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. पण माझ्या तोंडून निघालं, “काळी.”

तुम्ही विचारलंत कशावरून. तुम्ही विचारणारच. आता काहीतरी सांगणं आलं. पाखरू कणसावर बसलेलं दिसत होतं, तेवढं धरून मी सांगितलं, “काळी कणसावर बसून खाती. लाल हाय ती खाली सांडलेलं येचती.”

तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत की मला पदर सारखा करावासा वाटला. मग पेन्सिल काढून वहीत लिहिलंत. भाऊ मागं उभा होता. तोही त्याच माळ्यावर वाढलेला. तुम्ही पुढं गेल्यावर हळूच म्हणाला, “आक्के, हे कवा ठरलं?” मी त्याला गप बस म्हटलं. तो बिचारा पंधरा वर्षं गप बसला.

तिथून पुढं ते वाढतच गेलं. तुम्ही वहीत रकाने आखले. तारीख, वेळ, नर किती, मादी किती, मादी कणसावर का खाली, आणि शेवटी काळी का लाल. महिन्यातून दोन रविवार आपण जायचो. तुम्ही दुर्बिणीतून बघायचात आणि माझ्याकडं न बघताच मला विचारायचात, मी सांगायचे. खाली असली तर लाल, वर असली तर काळी. कधी दुर्बीण माझ्याकडं द्यायचात, मग मी उगीच जास्त वेळ लावायचे, जसं काही त्या मादीच्या चेहऱ्यावर काही लिहिलंय. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. मी साडीखाली स्पोर्ट शूज घालायला लागले. ग्रुपची माणसं गाड्या घेऊन भाऊच्या रानात यायला लागली. मोठमोठे कॅमेरे लावलेल्या बाया मला काकू म्हणायच्या, आणि माद्या दिसल्या की कोणीतरी म्हणायचं, वहिनींना विचारा.

एकदा देशमुख सरांच्या कॉलेजात तुम्ही पडद्यावर फोटो दाखवलेत. भारिटांवर बोललात आणि शेवटी म्हणालात की माद्यांचं हे निरीक्षण माझ्या मिसेसचं आहे. सगळ्यांनी मागं वळून बघितलं आणि टाळ्या वाजवल्या. येताना रिक्षात मी बोलले नाही. तुम्हाला वाटलं माझं डोकं दुखतंय, घरी आल्यावर बामची बाटली काढून दिलीत. डोकं दुखत नव्हतं. त्या रात्री सांगावं असं वाटत होतं. पण इतक्या लोकांनी टाळ्या वाजवल्यावर कसं सांगणार होते? मी बाम लावला आणि झोपले.

भांडणं आपली दुसऱ्याच गोष्टीवरून व्हायची. भाऊ फटाके लावून पाखरं उडवायचा, ते तुम्हाला चालायचं नाही. तुमचं म्हणणं, बांधाकडच्या दोन ओळी त्यांच्यासाठी सोडून द्या, मग ती बाकीच्या रानात येणार नाहीत. माझं म्हणणं, दोन ओळी सोडल्या तर ती पाहुणे घेऊन येतील. मी तुम्हाला तोंडावर सांगितलं होतं की पाखरं तुमची आहेत पण ज्वारी त्याची आहे. भाऊनं तुमच्या शब्दाखातर ओळी सोडल्या, आणि तुम्ही त्याच्या शब्दाखातर रविवारी माळ्यावर चढून बाकीचं रान राखायला लागलात. तुमच्या गोफणीतला पहिला दगड पुढं जायच्या ऐवजी मागं भाऊच्या बैलाजवळ पडला. भाऊ म्हणाला, “दाजी, तुमी पाखरंच मोजा.” ओळी सोडल्यानं पाखरं वाढतात का कमी होतात, ते आपलं शेवटपर्यंत ठरलं नाही. अजून मला वाटतं वाढतात.

पौषात दवाखान्यात ते चार दिवस होतात, तेव्हा तिसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत की भाऊच्या रानात या वर्षी माद्या कोणत्या जास्त आहेत. आवाज बारीक झाला होता. मी महिनाभर रानाकडं फिरकले नव्हते. तरी म्हणाले, काळ्याच जास्त हायेत. तुम्ही मान हलवलीत आणि डोळे मिटलेत. नंतर आपलं बोलणं झालं ते पाणी हवं का, पाठीखाली उशी घालू का, एवढंच. म्हणजे पाखरांबद्दल मी तुम्हाला शेवटचं जे सांगितलं तेही न बघता सांगितलं. हे मला फार लागून राहिलंय.

आता वहीचं. तुम्ही ती कधी लपवली नाहीत, कपाटावर पडलेली असायची, पण मी कधी उघडली नव्हती. उघडून काय बघायचं, माझीच उत्तरं होती त्यात. सर दुसऱ्यांदा रिकाम्या हातानं गेले तेव्हा मला वाटलं, निदान देण्याआधी एकदा बघावी. मी चष्मा लावून पहिल्या पानापासून बसले. तुमचं अक्षर कारखान्यातल्या तक्त्यासारखं, एकाखाली एक, कुठं खाडाखोड नाही. दुपारपर्यंत पाचव्या हिवाळ्यापाशी आले.

तिथं एका रविवारी सकाळी आठ वीसला लिहिलंय, मादी एक, कणसावर, काळी. आणि बाजूला बारीक अक्षरात, शेपटीत उजवीकडचं एक पीस अर्ध्यात तुटलेलं. त्याच पानावर चार ओळी खाली दुपारी साडेबाराला लिहिलंय, मादी एक, खाली, लाल. आणि बाजूला तेच, शब्दाला शब्द, शेपटीत उजवीकडचं एक पीस अर्ध्यात तुटलेलं.

मला तो दिवस आठवला. आपण बांधावर भाकरी खात होतो. ती तुटक्या शेपटीची मादी सकाळपासून त्याच दोन ओळींत होती, मीच भाऊला म्हणाले होते की हिला कोणीतरी हिसका दिलेला दिसतो. सकाळी ती कणसावर होती तेव्हा तुम्ही विचारलंत आणि मी काळी म्हणाले. दुपारी ती खाली उतरली, तुम्ही परत विचारलंत आणि मी बोलत बोलत, भाकरीवर ठेचा घेता घेता, लाल म्हणाले. माझ्या लक्षातही आलं नाही.

तुमच्या आलं असणार. हजार जॉबमधनं एक चरा गेलेला जॉब हाताला लागल्याबरोबर बाजूला काढणारा माणूस, त्याला एकाच पानावर दोनदा लिहिलेलं तुटकं पीस दिसलं नाही, असं होईल का? तुम्ही एक पाखरू दोन जातींचं लिहिलंत आणि कुठं काट मारली नाहीत. बाजूला प्रश्नचिन्ह नाही. मी पुढची सगळी पानं उलटली. त्यानंतरचे दहा हिवाळे तुम्ही तसंच विचारत गेलात, मी तसंच सांगत गेले आणि तुम्ही तसंच लिहीत गेलात.

आधी मी घाबरले. काही चोरलेलं कोणाला सापडावं तसं झालं, आणि घरात तर मी एकटी. मग मला राग आला. खोटं नाही सांगत, तुमच्या फोटोसमोर जाऊन मी मोठ्यानं विचारलं की म्हणजे दहा वर्षं तुम्ही मला खेळवत होतात का? अडाणी बायकोला वाटतंय तिला कळतं, वाटू द्या, असं? इतक्या लोकांसमोर मला टाळ्या मिळत होत्या तेव्हा तुम्ही मनात काय म्हणत होतात? त्या दिवशी मी चूल पेटवली नाही. म्हणजे गॅस. वही ज्वारीच्या डब्यामागं टाकून दिली आणि दोन दिवस तिकडं बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी भाऊला फोन केला. विचारलं, ह्यांनी तुला कधी माद्यांचं काही म्हटलं होतं का, मी अंदाजानं सांगते असं काही. भाऊ म्हणाला, “नाय आक्के. दाजी त्याच्यावर कधी एक अक्षर बोललं नाय. मी बी नाय बोललो.” एरवी फोनवर सतरा गोष्टी काढणारा माझा भाऊ, त्यानं त्या दिवशी पुढं काही विचारलं नाही. जेवलीस का, एवढं विचारलं.

तर तुम्हाला कळलं होतं की नव्हतं, हे मला आता कधीच कळणार नाही. एकदा वाटतं, दोन वेगळ्या पाखरांची शेपटी तुटलेली असू शकते असं तुम्ही खरंच धरलंत, कारण माझा शब्द खोटा असेल हे तुमच्या मनातच आलं नाही. मग मला रडू येतं. एकदा वाटतं, तुम्हाला सकाळी नसलं तरी दुपारी साडेबाराला पक्कं कळलं, आणि तुम्ही भाकरी खाणाऱ्या माझ्याकडं बघून ठरवलंत की वही चुकली तर चुकू दे. आयुष्यभर एकही खराब जॉब पास न केलेल्या माणसानं असं केलं असेल तर ते माझ्यासाठी केलं. मग तर जास्तच रडू येतं. राग उतरायला मला आठवडा लागला. तो उतरल्यावर मला तुमची इतकी आठवण आली की मी तुमचा तो पांढरा शर्ट, जो मी पायपुसण्याला काढून ठेवला होता, धुऊन परत कपाटात ठेवला.

पण पुस्तिका निघणार होती. मी गप्प बसले असते तर माझ्या तोंडचा तो नियम छापून आला असता, तुमच्या नावाखाली, तुमच्या फोटोसकट. कणसावरची काळी आणि खालची लाल. कोण कुठला पोरगा ते वाचून दुसऱ्या कुठल्या रानात जाऊन माद्या मोजेल, आणि म्हणेल, साहेबांनी लिहिलंय. आणि सांगितलं तर तुमची अर्धी वही जाते. तुमच्या मागं ज्या एका गोष्टीसाठी लोक तुमचं नाव काढणार होते तीच जाते, आणि माझंही जातं जे काय आहे ते. पुन्हा मी स्वयंपाकघरात जास्त वेळ लावणारी. चार दिवस मी याचाच विचार केला, कुकरच्या शिट्ट्या मोजायचंही सुधरलं नाही.

सर तिसऱ्यांदा आले ते फोन करून आले. मी वही त्यांच्या समोर टेबलावर ठेवली आणि त्यांनी हात पुढं केला तशी म्हणाले, “सर, नर छापा. माद्या छापू नका.”

त्यांना वाटलं मला काही खासगी वाटतंय. समजुतीच्या सुरात म्हणाले की वहिनी, माद्यांमुळंच तर या वहीला किंमत आहे. मी म्हणाले, त्या मी अंदाजानं सांगितल्यात. एकदा सांगितलं आणि मग तेच सांगत गेले. मला त्या कधीच ओळखता आल्या नाहीत. सर म्हणाले की हा नियम ते तीन वर्षं नवीन लोकांना शिकवतायत. मी म्हणाले, आता शिकवू नका.

मग त्यांनी तेच विचारलं जे विचारणार हे मला माहीत होतं, की साहेबांना हे ठाऊक होतं का. मी ते पान काढून दाखवलं. त्यांनी वरची ओळ वाचली, खालची वाचली, परत वरची वाचली. चष्मा काढून पुसला. “साहेबांच्या नजरेतून हे सुटणार नाही,” म्हणाले. मीही म्हणाले, नाही सुटणार. जाताना त्यांनी विचारलं की माद्यांचं सगळंच काढायचं का. मी म्हणाले, सगळं काढा, फक्त ह्या दोन ओळी ठेवा, आणि खाली लिहा की पाखरू एकच होतं. तुम्हाला न विचारता हे ठरवलं. आयुष्यात पहिल्यांदा तुमचा एक जॉब मी रिजेक्ट केला, आणि तुम्ही असता तर तुम्हीही तेच केलं असतं असं मी धरून चालले.

त्यानंतरच्या रविवारी ग्रुप भाऊच्या रानात निघाला. सरांनी मलाही बोलावलं. मी नाही म्हणणार होते, पण भाऊचा फोन आला की काढणी चार दिवसांवर आलीय, यायचं तर आत्ताच ये. गेले त्यांच्या गाडीत मागं बसून. सरांनी कोणाला काही सांगितलं नव्हतं, ते त्यांनी माझ्यावर सोडलं होतं. रान पिवळं पडलं होतं, कणसं पांढरीशुभ्र, आणि भारीट इतके की आमच्या लहानपणी असते तर आजी रडली असती. नर आता पुरते रंगात आलेले, काळे वेगळे, विटकरी वेगळे, सगळ्यांनी पटापट मोजले.

मग एक मादी बांधाकडच्या कणसावर येऊन बसली. एक नवी बाई होती, या वर्षीच आलेली, कॅमेऱ्यातून डोळा न काढता तिनं विचारलं, “काकू, ही काळी ना?” आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले. भाऊसुद्धा बैलाच्या पाठीवर हात ठेवून बघत होता.

मी म्हणाले, “मला नाय ओळखता येत.”

ती बाई अच्छा म्हणाली आणि परत कॅमेऱ्यात बघायला लागली. कोणी हसलं नाही. मी तुमची दुर्बीण लावली. आता उत्तर द्यायचं नव्हतं, म्हणून मी नुसती बघत राहिले. ती दाणा उपटायची, चोचीत आडवा धरून दोनदा फिरवायची, मग फोडायची, आणि फोडल्यावर थोडं पीठ तिच्या चोचीच्या कडेला लागून राहायचं. ते ती कणसाच्या देठाला घासून पुसायची. दरवेळी. सहा-सात हिवाळे मी माळ्यावर काढले आणि पंधरा तुमच्याशेजारी, पण पाखरू जेवल्यावर तोंड पुसतं हे मला माहीत नव्हतं. तुम्हीही कधी लिहिलं नाहीत. तुमचं लक्ष माझ्या उत्तराकडं असायचं आणि माझं तुमच्याकडं.

तुम्हाला ती ओळखता येत नव्हती. मलाही येत नव्हती. आपल्यापैकी एकानं एकदा तेवढं म्हटलं असतं तर दोघं तिथं नुसती बघत बसलो असतो. पंधरा हिवाळे होते आपल्याकडं.